अमेरिकेचे तुरुंग इतके भरले कसे, आणि त्यांत कृष्णवर्णीयच जास्त का?

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. आरोपीकडून पैसे भरून न घेता त्याला जामिनावर सोडणाऱ्या राज्यांची आणि शहरांची यादी करा, आणि त्यांना केंद्राकडून मिळणारा कोणता निधी थांबवता येईल ते पाहा, असा त्याचा आशय होता. जामिनाला पैसे घ्यायचे की नाही यावरून एवढं राजकारण का पेटावं, आणि त्या चर्चेत लगेच गोरे आणि कृष्णवर्णीय हा विषय कुठून यावा, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडणं साहजिक आहे.

अमेरिकेच्या कायद्यांत आज कुणाच्या कातडीचा रंग लिहिलेला नाही. तरीही लोकसंख्येत १३-१४ टक्के असलेला कृष्णवर्णीय समाज तुरुंगात मात्र तिघांत एक इतका आहे. रंगाचा उल्लेखही न करणारा कायदा असं चित्र कसं उभं करतो, हे एकदा नीट कळलं की जामिनाचं भांडणही कळतं.

किती माणसं आत आहेत?

अमेरिकेत सध्या १९ ते २० लाख माणसं बंदिस्त आहेत. दर लाख लोकसंख्येमागे साडेपाचशेच्या आसपास. भारतात हाच आकडा चाळीसच्या घरात आहे. आपली लोकसंख्या त्यांच्या चौपट, आणि आपले कैदी त्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९७२ मध्ये राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांहून कमी कैदी होते. २००९ मध्ये ते सोळा लाखांच्या वर गेले. यात खटला सुरू असलेल्यांच्या स्थानिक कोठड्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर एकूण आकडा २३ लाखांवर पोचला होता.

गुन्हे वाढले म्हणून कैदी वाढले, हे पहिलं उत्तर सुचतं आणि ते अर्धंच खरं आहे. साठच्या दशकापासून १९९१ पर्यंत तिथे हिंसक गुन्हे खरोखरच वाढले. लोक घाबरले होते आणि ती भीती खोटी नव्हती. पण १९९१ नंतर गुन्हे उतरू लागले, पुढे जवळपास निम्म्यावर आले, आणि तुरुंग तरीही आणखी अठरा वर्षं भरतच राहिले. पावसाळ्यात पेपरात रोज धरणांचा साठा छापून येतो, तसं याकडे पाहावं. साठा फक्त आवकेवर ठरत नाही. विसर्ग बंद ठेवला तर पाऊस ओसरल्यावरही पाणी चढतच राहतं. अमेरिकेने दोन्ही केलं. किरकोळ गुन्ह्यांसाठीही माणसं आत टाकायला सुरुवात केली, आणि आत गेलेल्याला बाहेर यायला लागणारा काळ कायद्यानेच वाढवून ठेवला.

मुळं १८६५ मध्ये

गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. तिच्यात एक अपवाद आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी हा अपवाद लगेच हेरला. मिसिसिपीने त्याच वर्षी नियम केला की दर जानेवारीत कृष्णवर्णीयांनी आपल्याकडे काम असल्याचा पुरावा दाखवावा. नसेल तर तो भटका, म्हणजे गुन्हेगार. दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीसाठी भाड्याने देता येई, आणि घेणारा अनेकदा त्याचा पूर्वीचा मालकच असे. पुढे राज्यं कैद्यांच्या टोळ्याच खाणींना, रेल्वेला आणि मळ्यांना भाड्याने देऊ लागली. लुइझियानाचा अंगोला तुरुंग आजही एका जुन्या गुलामी मळ्याच्या जमिनीवर उभा आहे. तिथले कैदी ताशी काही सेंटांवर शेतात राबतात, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत.

मराठी वाचकाला हे अगदी परकं वाटू नये. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींतली माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशी वसाहत होती, तिच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. आधी माणूस गुन्हेगार ठरवायचा आणि मग त्याचा गुन्हा शोधायचा, ही रीत दोन्हीकडची एकच.

पाच ग्रॅम आणि पाचशे ग्रॅम

१९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हटलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने थोड्याशा साठ्यालाही दीर्घ कैद देणारे कायदे केले. पण खरी मेख पाहायची तर १९८६ चा केंद्रीय कायदा पाहावा.

कोकेन दोन रूपांत विकलं जातं. एक पांढरी पूड. दुसरं, तीच पूड पाण्यात खायचा सोडा घालून शिजवली की होणारे खडे, ज्यांना क्रॅक म्हणतात. मूळ रसायन एकच. खडा ओढला जातो, त्याची नशा झटकन चढते, आणि तो थोड्या डॉलरांत सुटा मिळतो, म्हणून गरीब वस्त्यांत तो पसरला. पूड महाग, ती श्रीमंतांच्या पार्ट्यांत. १९८६ च्या कायद्याने ठरवलं की पाच ग्रॅम क्रॅक विकायला जवळ असेल तर किमान पाच वर्षं कैद. तेवढीच कैद पुडीसाठी व्हायची असेल, तर जवळ पाचशे ग्रॅम हवी. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा चमचा. पाचशे ग्रॅम म्हणजे अर्धा किलोचं पाकीट. आणि ‘किमान’ असल्यामुळे न्यायाधीशाचे हात बांधलेले. आरोपी एकोणीस वर्षांचा आहे, पहिलाच गुन्हा आहे, यातलं काहीही जमेस धरून पाच वर्षांखाली यायची मुभा जवळपास नव्हतीच.

सरकारी पाहण्यांत क्रॅक ओढणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास गोरे होते. केंद्रीय न्यायालयांत क्रॅकसाठी उभे केलेल्यांत मात्र नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द एकदाही नाही. फक्त ग्रॅम आहेत.

हे १:१०० चं प्रमाण कमी करून १:१८ करायला २०१० साल उजाडलं, आणि आधीच आत असलेल्या जुन्या कैद्यांना त्याचा फायदा मिळायला २०१८. मधल्या बत्तीस वर्षांत किती तरुणांची उमेद त्या चमच्याने मोजली गेली असेल, या विचाराने मन घट्ट करूनच पुढे जावं लागतं.

एका माणसाची वाट

आता एखादा माणूस या यंत्रणेतून कसा जातो ते पाहू. प्रत्येक वळणावर कुणीतरी निर्णय घेतो, आणि तो निर्णय सुटा पाहिला तर पटण्यासारखाच असतो.

पहिलं वळण रस्त्यावर. संशय आला की पोलिस माणसाला थांबवून अंगावरून हात फिरवून झडती घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मान्य केलं. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी असं ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा केलं. थांबवलेल्यांत बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक. दहातल्या जवळपास नऊ जणांकडे अटक करण्यासारखं काहीही सापडलं नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, झडत्या एकदम घटल्या, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शहरातले एकूण गुन्हे वाढले नाहीत. गांजाचंही तसंच. गांजा ओढण्याचं प्रमाण दोन्ही समाजांत जवळपास सारखं, पण तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयाला साडेतीनपटीहून जास्त, असं अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१० च्या आकडेवारीवरून दाखवलं. जिथे गस्त असते तिथे गुन्हा सापडतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात गस्त नसते.

दुसरं वळण जामिनाचं. न्यायाधीश रक्कम ठरवतो, ती भरली तर घरी, नाहीतर खटला संपेपर्यंत कोठडी. पैसे नसतील तर दलाल असतो. तो साधारण दहा टक्के घेऊन हमी भरतो, आणि आरोपी निर्दोष सुटला तरी ते दहा टक्के परत मिळत नाहीत. हा धंदा कायदेशीरपणे चालणारे देश जगात दोनच, अमेरिका आणि फिलिपिन्स.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये २०१० च्या मे महिन्यात कॅलिफ ब्राउडर नावाच्या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या संशयावरून पकडलं. जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांना ते जमले नाहीत, आणि तो आधीच्या एका प्रकरणात देखरेखीवर असल्यामुळे पुढे जामीनच नाकारला गेला. रायकर्स बेटावरच्या कोठडीत त्याची तीन वर्षं गेली, त्यातला मोठा काळ एकांतकोठडीत. खटला उभाच राहिला नाही. गुन्हा कबूल कर, आज घरी जाशील, असं त्याला सांगण्यात आलं. मी चोरी केलेली नाही, असं म्हणून त्याने नकार दिला. २०१३ मध्ये सरकारने प्रकरण मागे घेतलं. दोन वर्षांनी, बाविसाव्या वर्षी, त्याने जीवन संपवलं.

ट्रम्प यांच्या आदेशामागचं भांडण ते हेच. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये रोख जामीन पूर्ण बंद केला. आरोपी धोकादायक आहे असं सरकारने सिद्ध केलं तर त्याला आत ठेवता येतं, फक्त खिसा रिकामा आहे म्हणून नाही. न्यू जर्सीने २०१७ पासून जवळपास हेच केलं.

तिसरं वळण सर्वांत कमी दिसणारं आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. सिनेमात दिसतो तसा खटला, निकाल देणारी सामान्य नागरिकांची ज्युरी, उलटतपासणी, हे अमेरिकेत क्वचितच घडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे केंद्रीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीच्या कबुलीतून होतात. याला प्ली बार्गेन म्हणतात, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा मान्य करण्याचा सौदा. सरकारी वकील सांगतो, आत्ता मान्य केलंस तर दोन वर्षं. खटला लढलास आणि हरलास तर कायद्यानुसार किमान दहा. किमान शिक्षेचे कायदे आल्यापासून या वाक्याला फार धार आली. किती वर्षं द्यायची हे आता न्यायाधीशाइतकंच, बहुधा त्याहून जास्त, कोणतं कलम लावायचं हे ठरवणाऱ्या सरकारी वकिलाच्या हातात असतं. समोरचा आरोपी आधीच कोठडीत असेल, नोकरी जाऊ घातली असेल, घरी लहान मुलं असतील, तर निर्दोष माणूसही सही करतो.

जे थोडे खटले ज्युरीपुढे जातात, तिथेही बारा माणसं निवडताना वकिलांना काहींना कारण न देता वगळता येतं. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. ज्युरीत येऊ शकणाऱ्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांना सरकारी वकिलाने वगळलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पुढच्या वर्षी आरोपही मागे घेतले गेले. तोवर त्याच्या आयुष्याची वीसहून जास्त वर्षं आत गेली होती.

मग न्यायालयं हा भेदभाव मोडत का नाहीत?

याचं उत्तर १९८७ च्या एका निकालात आहे. वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाला जॉर्जियात गोऱ्या पोलिसाच्या खुनासाठी मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली होती. त्याच्या वकिलांनी त्या राज्यातल्या दोन हजारांहून जास्त खून खटल्यांचा अभ्यास मांडला. गुन्ह्याचं स्वरूप वगैरे सगळं जमेस धरल्यावरही, मेलेला माणूस गोरा असेल तर मृत्युदंड होण्याची शक्यता ४.३ पट निघत होती. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की आकडे खरे धरले तरी ते पुरेसे नाहीत. याच खटल्यात, याच माणसांनी, मुद्दाम रंग पाहून निर्णय घेतला हे सिद्ध करा.

अशी कबुली कोण देणार? रस्त्यावरचा पोलिस म्हणतो मी फक्त गस्त घातली, न्यायाधीश म्हणतो मी नेहमीची रक्कम लावली, वकील म्हणतो मी कायद्यातलं कलम लावलं. प्रत्येकाचं खरं असू शकतं. शेवटी उरतो तो फरक मात्र कुणाच्याच नावावर लागत नाही. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांना निवृत्तीनंतर विचारलं की कुठलं मत बदलावंसं वाटतं, तेव्हा त्यांनी याच खटल्याचं नाव घेतलं. मॅक्लेस्कीच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी १९९१ मध्ये झाली.

‘पण ते गुन्हेच जास्त करतात ना?’

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, तो टाळू नये. खुनाच्या बाबतीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, आरोपींतही आणि मेलेल्यांतही. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतल्या खुनांत बळी पडलेल्यांपैकी निम्म्याच्या वर कृष्णवर्णीय असतात, आणि त्यांचे खुनी कमी वेळा पकडले जातात. म्हणजे ज्या वस्तीत किरकोळ गोष्टींसाठी पोलिस हटकत राहतात, तिथेच खुनाचा तपास लागत नाही. या वस्त्या आपोआप तयार झालेल्या नाहीत. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय मोहल्ले लाल रंगाने धोकादायक दाखवले गेले आणि तिथे घरकर्ज मिळणं दुरापास्त झालं. गरिबी एका जागी साचवली गेली.

पण गुन्ह्यांचं प्रमाण जास्त आहे एवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. अमली पदार्थांचा वापर सारखा असून अटका वेगळ्या, हे वर आलंच. आणि गुन्हा, पूर्वेतिहास वगैरे सारखं असतानाही केंद्रीय न्यायालयांत कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी १९ टक्के लांब शिक्षा झाल्याचं खुद्द सरकारच्या शिक्षा आयोगाने २०१७ मध्ये नोंदवलं.

‘त्यांच्याच नेत्यांनी कडक कायदे मागितले होते’

हेही खरं आहे. १९८६ च्या कायद्याच्या बाजूने अनेक कृष्णवर्णीय खासदारांनी मत दिलं. त्यांच्या वस्त्यांत क्रॅकने घरं उद्ध्वस्त होत होती, लोक पोलिस मागत होते. पण ते शाळा, रोजगार आणि व्यसनमुक्ती केंद्रंही मागत होते. मिळाला फक्त तुरुंग.

दुसरीकडे, सुधारणावाद्यांचंही एक आवडतं म्हणणं तपासून घ्यायला हवं. हा सगळा खासगी तुरुंग कंपन्यांचा खेळ आहे असं सर्रास म्हटलं जातं. तिथल्या तुरुंगांतले जेमतेम आठ टक्के कैदी खासगी तुरुंगांत असतात. बाकी सगळं सरकारी. तसंच, नशेच्या गुन्ह्यांतले कैदी सोडले की प्रश्न सुटला असंही नाही. राज्यांच्या तुरुंगांतले साठ टक्क्यांच्या आसपास कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आहेत. साठा खरोखर उतरवायचा तर खून, दरोडा करणाऱ्याला तीस-चाळीस वर्षं आत ठेवून काय साधतं, हा अवघड प्रश्न घ्यावाच लागतो. साठीतला माणूस विशीतल्यासारखा धोकादायक राहत नाही. राजकारणी या प्रश्नाला हात लावायला घाबरतात, आणि बळी पडलेल्यांच्या घरच्यांचं दुःख पाहता ती भीती समजण्यासारखी आहे.

बाहेर आल्यावर

आपल्याकडे कैद्याला आत असताना मतदान करता येत नाही, पण सुटला की हक्क आपोआप परत मिळतो. अमेरिकेत अनेक राज्यांत तो मिळत नाही. २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ४० लाख नागरिक यामुळे मतदानाबाहेर होते. फ्लोरिडात २०१८ मध्ये मतदारांनी जवळपास ६५ टक्के मतांनी हा हक्क परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली, आधी सगळे दंड आणि शुल्क भरा. कुणाचे किती बाकी आहेत याची एकत्रित नोंदच तिथे नव्हती.

आपल्याकडे काय?

भारतातल्या कैद्यांपैकी सुमारे ७५ टक्के कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ हमी द्यायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला त्याच न्यायालयाने तुरुंगांत जातीप्रमाणे कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. काही नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांच्या व्याख्येत बसवलं होतं, तेही. म्हणून अमेरिकेची गोष्ट दुरून पाहण्यात अर्थ नाही. फक्त आपल्याकडे बहुतेक लोक खटला न संपल्यामुळे आत आहेत, आणि त्यांच्याकडे खटला न लढवताच शिक्षा होऊन.

काय बदलतंय

कैद्यांचा एकूण आकडा २००९ च्या तुलनेत आता बराच कमी आहे. २००० च्या सुमारास राज्यांच्या तुरुंगांत लोकसंख्येच्या मानाने कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या आठपट होतं, ते आता पाचपटीच्या आसपास आहे. १९८१ मध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी तिघांत एकाला आयुष्यात कधीतरी तुरुंग पाहावा लागेल असा अंदाज होता. २००१ मध्ये जन्मलेल्यांसाठी तो पाचांत एक आहे. न्यू जर्सीत जामिनाची पद्धत बदलल्यावर खटल्याआधीच्या कोठडीतली माणसं काही वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घटली, आणि आरोपी तारखांना हजर राहिनासे झाले असं घडलं नाही.

त्याच न्यू जर्सीत एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत हजारो मराठी कुटुंबं राहतात. जे नागरिक झाले आहेत त्यांना ज्युरी ड्यूटीचं पत्र येतं, आणि ते चुकवायचं कसं याच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या जातात. न्यू जर्सीत सरकारी वकील राज्यपाल नेमतात, पण टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉयसह बहुतेक राज्यांत डिस्ट्रिक्ट अॅटर्नी किंवा त्या दर्जाचा काउंटीचा मुख्य सरकारी वकील मतदानाने निवडला जातो, आणि कितीतरी राज्यांत न्यायाधीशही. मतपत्रिकेवर ही नावं राष्ट्राध्यक्षाच्या खाली, पार तळाशी असतात. कोणतं कलम लावायचं आणि कुणाला सौद्याची काय अट घालायची, हे पुढची चार वर्षं त्यांतलं एक नाव ठरवतं.